आठ फाउंड्र्या, एक भट्टी : वाळू फिरतेय, माणसं फिरेनात

बिडाचा_माणूस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. वडिलांनी काढली, आता मी आणि चुलतभाऊ बघतो. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : वाळूत रेझिन मिसळून साचे आणि कोअर (कास्टिंगच्या आत पोकळी ठेवणारे वाळूचे ठोकळे) करायचे, त्यात बीड ओतायचं, गार झालं की साचा फोडून कास्टिंग काढायचं. कास्टिंग गिऱ्हाइकाकडं जातं, जळकी वाळू आमच्याकडं राहते. ती टाकायची तर डंपरचं भाडं आपलं. नवी वाळू कासार्ड्याकडून घाट चढून येते, पावसाळ्यात ओली येते आणि दर चढतो. म्हणजे एका गेटनं पैसे मोजून वाळू आत आणि दुसऱ्या गेटनं पैसे मोजून वाळू बाहेर.

दोन वर्षांपूर्वी आम्ही आठजणांनी मिळून रिक्लेमेशनची भट्टी टाकली. वाळू साडेसहाशे-सातशे अंशाला भाजली की रेझिन जळून जातं. चाळली, गार केली की परत कोअरला चालते. मशीन झकास आहे. बिघडलंय ते बाकीचं.

एक म्हणजे, कुणीतरी शेल आणि नो-बेकच्या (दोन्ही रेझिनच्या) वाळूत सीओटूची (रेझिनऐवजी सिलिकेट लावलेली) वाळू मिसळून पाठवतंय. दोन महिन्यांत तीन घाणे वाया गेले. (घाणा म्हणजे बॅच. तेलघाण्यावरून पडलेला शब्द, घाण समजू नका. अर्थात शेवटी घाणच झाली.) कोण पाठवतंय ते कुणी कबूल करत नाही.

दुसरं, दोघांनी माल पाठवणं जवळजवळ थांबवलं. एकाला प्लॉट भरणारा माणूस भेटलाय, तो गेटवरून फुकट उचलतो. मात्र जूनमध्ये नवी वाळू महागली की त्याच सभासदाचा फोन येतो, "आमचे दहा टन भाजलेले ठेवा हं."

तिसरं, भट्टी आमच्या शेजारच्या गाळ्यात आहे, हिशेब चुलतभावाकडं आहे, त्यामुळं सगळ्यांना वाटतं आम्ही मलई खातोय. ताशी दोन टनांच्या भट्टीला दिवसाला आठ-नऊ टन माल येतो. गॅसचं बिल बघून मलई कसली, ताकसुद्धा दिसत नाही.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर आता फक्त शुभ सकाळ येते, तीही सहाजणांची. अशी सामाईक कामं ज्यांनी चालवलीत त्यांनी सांगा, नियम कसे बसवले?

तांबडा_पांढरा

पहिला!
आठ कोल्हापूरकर एका भट्टीवर? मग गॅस कशाला लागतोय राव, मीटिंग तिथंच घ्या, वाळू आपोआप भाजून निघेल.

पुणेरी_ताळेबंद

भागीदारी मोडा. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कुणातरी एकाला भट्टी चालवायला द्या, बाकी सात त्याचे ग्राहक. टनामागे इतका दर, माल खराब आला तर परत. सामाईक मालकी म्हणजे नफा सगळ्यांचा आणि तोटा कुणाचाच नाही. माझ्याकडे अशा तीन संस्थांच्या फायली आहेत. तिन्ही बंद आहेत आणि तिन्हींचे ऑडिट अजून चालू आहे.

शंकेखोर

धागाकर्त्यांनी तो शब्द वापरला नाही म्हणून त्यांचे आभार. हल्ली याला 'चक्रीय अर्थव्यवस्था' म्हणतात. परवा एका हॉटेलात त्यावर परिसंवाद होता, जेवणाच्या ताटाला प्लॅस्टिकचं वेष्टण होतं.
आमची आजी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची. वाकळ फाटली की पायपुसणं, पायपुसणं विरलं की चुलीत, राख भांडी घासायला. तिला कुणी सादरीकरण करायला सांगितलं नाही.

तांबडा_पांढरा

आजीला सात भागीदार नव्हते ना, म्हणून जमलं.

निवृत्त_मेटलर्जी

धागाकर्ते, आधी सीओटूचं बघू, कारण तुमचा खरा दुखरा दात तोच आहे. सीओटू प्रक्रियेत वाळूला सोडियम सिलिकेट लावतात. ते रेझिनसारखं जळून जात नाही. भट्टीत कणाला चिकटून काचेसारखं बसतं, वाळूचे गठ्ठे होतात. शिवाय सिलिकेट अल्कधर्मी. तुमच्यापैकी जे फ्युरान नो-बेक वापरतात त्यांचं रेझिन आम्लाने घट्ट होतं. वाळूच आम्ल पिऊन टाकायला लागली तर साचा वेळेत उभा राहत नाही, आणि पोऱ्या रेझिन खराब आलं म्हणून सप्लायरला शिव्या देत बसतो. त्यामुळे एकाने दोन बॅरल सीओटूची वाळू मिसळली तरी आठहीजणांचे कोअर बिघडतात. कितीही चांगले नियम लिहा, जोवर गेटवर माल ओळखता येत नाही तोवर ते कागदावरच राहणार.

सेवेत असताना आम्ही प्रत्येक वाळूसाठी वेगळी बिनं ठेवायचो. झाडूवाल्याला वेगळं समजावायचो. बहुतेक वेळा मिसळामिसळ मालक करत नाही. रात्रपाळीचा झाडू करतो.

हुपरीकर

झाडूवरून आठवलं. आमच्याकडं चांदीच्या कारखान्यातला केर कुणी फेकत नाही. फरशीवरची धूळ, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, पुसलेलं फडकंसुद्धा साठवतात. झारेकरी तो केर घेऊन जातो, जाळून, धुऊन, गाळून त्यातली चांदी काढतो. पिढ्यान् पिढ्या चाललंय.
पण केरात चांदी किती हे न बघता कुणी दर ठरवत नाही. मालकासमोर नमुना काढायचा, मग सौदा. नमुना काढताना चहा आला तरी मालक केरावरची नजर हलवत नाही :)

गुळव्या

आमचं गुऱ्हाळ आहे (आता वर्षाला दोन-अडीच महिनेच चालतं, तो वेगळा धागा होईल). गुऱ्हाळासारखं फिरतं चक्र दुसरं नाही. ऊस गाळला की चिपाड, ते अंगणात पसरून वाळवायचं, तेच चुलवणात घालायचं, त्याच जाळावर काहिलीत रस आटवायचा. राख शेतात. जाळव्या चांगला असला की बाहेरचं लाकूड लागत नाही.

पण मला सांगायचंय ते वाड्याचं. ऊसतोडीला टोळी आली की उसाचं वाडं (शेंड्याचा हिरवा पाला) कुणाचं? तोडणाऱ्याचं. त्याच्या पेंढ्या बांधून बायका रस्त्याकडेला विकतात, म्हशीवाले घेतात. शेतकरी कधी म्हणत नाही की ऊस माझा म्हणजे वाडंही माझं. कारण ते आधीच ठरलेलं आहे. तुमच्या भट्टीत मला वाटतं हेच ठरलेलं नाही. वाळू गेटातून बाहेर पडली की ती कुणाची? ज्यानं पाठवली त्याची की भट्टीची? त्याची असेल तर तो फुकट उचलणाऱ्याला देणारच, त्याचा काय दोष.

बिडाचा_माणूस

गुळव्या, बरोबर नस पकडली. करारात ते नाहीच. करार माझ्या मेव्हण्यानं नेटवरून काढलेला, त्यात 'पक्षकारांमधील सौहार्द' तीन वेळा आलंय, वाळूची मालकी एकदाही नाही.

मेटलर्जी सर, बिनं आहेत आमच्याकडं. बाकीच्यांकडं बघून येतो.

खटकेबाज

सौहार्द आणि वाळू, दोन्ही मुठीतून निसटतात. (आज जेवण लवकर झालंय.)

शिरोळची_काळी_माती

आम्ही शेतकरी, दुसऱ्या बाजूनं बोलतो. एक टन उसामागं साधारण ३० ते ४० किलो प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) निघते. पूर्वी कारखान्यात ट्रॉली लावली की भरून मिळायची, खर्च काय तो भाड्याचा. आमच्या गल्लीतली दहाजणं मिळून आणायचो, खड्ड्यात कुजवायचो, वाटून घ्यायचो. लिहून काय ठेवलं नव्हतं, गरजच पडली नाही.
मग २०१८ मध्ये 'सतत' योजना आली, प्रेसमडपासून कॉम्प्रेस्ड बायोगॅस करणारे आले, आणि ज्याला कुणी हात लावत नव्हतं त्याला दर आला. दर आला तसा आमच्यातल्या दोघांनी परस्पर बोली लावली. गट त्याच हंगामात फुटला. तुमच्या फुकट वाळू उचलणाऱ्याचं तेच हाय. आज तो फुकट नेतोय, उद्या टनाला शंभर रुपये देईल, मग बघा किती जण राहतात ते.

पुणेरी_ताळेबंद

नेमके. माझा मुद्दा हाच होता. कचरा निरुपयोगी आहे तोवर सगळे मित्र.

कालुंडबोर्गहून_परत

मी चार वर्षं डेन्मार्कमध्ये होतो. या विषयावर बोलताना सगळे ज्या कालुंडबोर्गचं नाव घेतात तिथं दोनदा गेलो. छोटं बंदराचं गाव, आपल्या कागलएवढं वाटलं. तिथलं वीजकेंद्र, तेलशुद्धीकरण कारखाना, इन्सुलिन करणारी कंपनी आणि प्लास्टरबोर्डचा कारखाना एकमेकांची वाफ, पाणी, वायू, जिप्सम वापरत आलेत. १९७२ मध्ये रिफायनरीचा जळून वाया जाणारा वायू बोर्डाच्या कारखान्याला मिळू लागला. औषधांच्या कारखान्यातला उरलेला जैविक गाळ शेतकऱ्यांना खत म्हणून गेला.

मला तिथं कळलेली गोष्ट वेगळीच होती. हे कुणी बसून आखलेलंच नाही. प्रत्येक देवाणघेवाण ही दोघांमधला वेगळा करार आहे आणि दोघांनाही त्यात पैसा दिसला म्हणून झाला. या सगळ्याला मिळून 'सहजीवन' असं नाव १९८९ च्या सुमारास पडलं, म्हणजे पहिल्या कामानंतर बऱ्याच वर्षांनी. आपल्याकडं आधी नाव, मग बोधचिन्ह, मग उद्घाटन, मग वाळू.

आणि पुणेरी, तिथंही प्रवाह तुटतात. वीजकेंद्रानं कोळसा सोडून लाकडाचे तुकडे जाळायला घेतले. कोळशाचा धूर धुण्यातून जिप्सम निघायचा, कोळसाच नाही तर जिप्सम कुठला? बोर्डवाल्यांना दुसरी सोय बघावी लागली. पण कुणी कुणाला गद्दार म्हटलं नाही.

तांबडा_पांढरा

कागलएवढं म्हणालात, तिथं मिसळ मिळते का? नसेल तर सहजीवन कसलं.

वैतागलेली_रहिवासी

एमआयडीसीच्या कडेला घर आहे आमचं. तुम्ही सगळे दर आणि करार बोलताय, मला ती 'प्लॉट भरणारा' गोष्ट वाचून धस्स झालं. आमच्या मागच्या खाणीत अशीच काळी वाळू रात्री पडते. उन्हाळ्यात वाळत घातलेल्या कपड्यांवर बोट फिरवलं की काळं होतं. पावसाळ्यात त्यावरून वाहिलेलं पाणी ओढ्याला. तुमच्या सभासदाला फुकट पडतं ते आम्हाला फुकट पडत नाही.

निवृत्त_मेटलर्जी

ताई, रास्त तक्रार आहे. काळा रंग कोळशाच्या भुकटीचा, ती साच्याच्या वाळूत बेंटोनाईटबरोबर (वाळू धरून ठेवणारी चिकणमाती) घालतात. बांधकामात, पेव्हर ब्लॉकमध्ये ही वाळू वापरता येते, पण तपासणी करून आणि परवानगीने. रात्री खाणीत ओतणं हा वापर नव्हे. धागाकर्त्यांनी त्या सभासदाला एवढं तरी सांगावं की उद्या नोटीस आली तर वाळू कुणाच्या गेटातून निघाली हेच विचारतील.

सचिव_वहिनी

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आमच्या गावातल्या दूध संस्थेत मी अकरा वर्षं सचिव आहे. वाळूतलं मला ओ की ठो कळत नाही, पण वर वाचता वाचता हसू आलं, कारण तुमचा हा सगळा त्रास आम्ही रोज दोनदा, सकाळ-संध्याकाळ निस्तरतो.

आमच्याकडं दीडशे घरांचं दूध एकाच टाकीत पडतं. एकानं पाणी घातलं, एकाची किटली नीट धुतलेली नसली, की सगळं नासतं. तुमच्या घाण्यासारखंच. मग आम्ही काय करतो? ज्याचं दूध त्याच्यासमोर माप, त्याच्यासमोर नमुना, त्याच्यासमोर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग). म्हशीला ६ फॅट आणि ९ एसएनएफचा हिशेब धरून त्यावर दर वर-खाली. पावती हातात. आणि दर दहा दिवसांनी बिल. पाऊस असो, पूर असो, निवडणूक असो, दहा दिवस म्हणजे दहा दिवस.

माणसं प्रामाणिक आहेत म्हणून चालत नाही हो. आमच्या गावात सख्ख्या भावांची फॅटवरून तोंडं बंद झालीत. पण दूध दोघंही घालतात. कारण यंत्रात काय दिसलं ते दोघांनी बघितलेलं असतं आणि पैसे तारखेला येतात. तुमच्या भट्टीत मला तीन ठिकाणी भोकं दिसतात. माल येताना तपासत नाही. हिशेब तुमच्या चुलतभावाच्या फोनमध्ये आहे. आणि बिल कधी निघतं ते तुम्ही लिहिलेलंच नाही, म्हणजे निघत नसणार.

बिडाचा_माणूस

वहिनी, निघतं. मार्चमध्ये.

खटकेबाज

वर्षातून एकदा फॅट :D

सचिव_वहिनी

मग भांडणही वर्षभराचं साठतं. दहा दिवसांचं भांडण छोटं असतं, उंबऱ्यातच मिटतं.

मुक्काम_मस्कत

दूध संस्थांचं गुणगान वाचून आनंद झाला, पण संचालक मंडळाच्या निवडणुकीत आमच्या गावात काय काय वाटलं जातं तेही लिहा की वहिनी.

सचिव_वहिनी

ते वाटप संपल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला संस्था उघडते. ती मी उघडते. त्यामुळं त्याविषयी मी गप्प बसते.

निवृत्त_मेटलर्जी

वहिनींचं म्हणणं मनापासून पटलं, एक अडचण मात्र आहे. फॅट मिनिटात कळते. वाळूत जळणारा भाग किती, ज्याला आम्ही एलओआय म्हणतो, त्याला मफल फर्नेसमध्ये वाळू तापवून आधी-नंतर वजन करावं लागतं. दोनेक तास जातात. ट्रॅक्टरवाला दोन तास थांबणार नाही.

पण सीओटू पकडायला युक्ती आहे. कागदी कपात चमचाभर वाळू, थोडं स्वच्छ पाणी, ढवळायचं, वरून फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब. सिलिकेट असेल तर पाणी गर्द गुलाबी होतं. दहावीच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी केलेलं आहे. सावध एवढंच, की बेंटोनाईट असलेली काळी वाळूही फिकट गुलाबी होऊ शकते, आणि कुणी अल्कधर्मी फिनॉलिक रेझिन वापरत असेल तर तीही रंग दाखवेल. त्यामुळे आधी आठहीजणांची स्वच्छ वाळू आणून प्रत्येकीचा रंग बघून ठेवा. सोबत एक चुंबक ठेवा, लोखंडाचे तुकडे लगेच कळतात. एलओआय दिवसातून एकदा एकत्र नमुन्याचा काढा, प्रत्येकाच्या नमुन्याची पुडी नाव-तारीख घालून महिनाभर ठेवा.

पाणीपाळी

मी समाजशास्त्राचा विद्यार्थी, प्रबंध सामाईक पाण्यावर. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल याच विषयावर मिळालं. सामाईक गोष्ट एक तर सरकारनं तरी चालवावी नाहीतर खासगी मालकानं, असं दोनच पर्याय असल्याचं मानलं जायचं. त्यांनी जगभरचे कालवे, कुरणं, मासेमारी बघून दाखवलं की माणसं स्वतः नियम करून शतकानुशतकं नीट चालवतात. पण काही गोष्टी तिथं हमखास दिसतात. सभासद कोण आणि कोण नाही हे पक्कं, राखण करणारा त्यांच्यातलाच, आणि दंड चढता. पहिल्या चुकीला किरकोळ, नंतर वाढत जाणारा. पहिल्याच चुकीला हाकललं तर पुढचा माणूस चूक लपवायला शिकतो.

गुळव्या

नोबेल? आमच्या पाणीपुरवठा संस्थेच्या पाटकऱ्याला कळवतो. पाळी मोडली की पहिल्यांदा नुसता बांधावर उभा राहून खोकतो. दुसऱ्यांदा चारचौघात बोलतो. तिसऱ्यांदा दारं बंद.

पंचगंगाकाठ

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. कोल्हापुरात अशी एक गोष्ट वर्षानुवर्षं चाललीय आणि तिला कुणी प्रकल्प म्हणत नाही. शेणीदान. पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यसंस्कार मोफत होतात आणि जळण म्हणून शेणी वापरतात. होळीला पेठापेठांतली मंडळं होळी लहान करतात आणि शेणी दान देतात. आमची तालीम दरवर्षी टेम्पो भरते. गवळ्याच्या गोठ्यातलं शेण, बायकांनी थापलेल्या शेणी, मंडळाचा टेम्पो, महापालिकेची जागा. चार हात लागतात. कुणाचा कुणाशी करार नाही.

टेम्पोत शेणी चढवताना मात्र आम्ही मोजतो. मोठ्यानं, एकानं आकडा म्हणायचा आणि दुसऱ्यानं वहीत रेघ मारायची. दान असूनही. मागं एकदा मी विचारलं, मोजायचं कशाला, फुकटच तर द्यायच्यात? आमचे वस्ताद म्हणाले, शेजारच्या तालमीनं किती दिल्या ते कळायला नको?

तांबडा_पांढरा

हाहाहा. ह्याला म्हणतात पेठ.

पुणेरी_ताळेबंद

माझे मत थोडे बदलतो. सामाईक मालकी राहू द्या, पण दोन गोष्टी वेगळ्या काढा. भट्टीचा ठरलेला खर्च (हप्ता, पगार, विजेचा स्थिर आकार) आठांत समान वाटा, माल येवो न येवो. विजेच्या बिलात युनिट न वापरताही काही आकार भरतोच ना, तसे. आणि गॅस टनामागे, जो जितका माल घालेल त्याला तितका. मग फुकट उचलणाऱ्याला वाळू देणे त्या सभासदाला फुकट पडणार नाही. जूनमध्ये दहा टन मागायचे तर त्याने मेपर्यंत किती घातली ते वहीत बघायचे. हिशेब चुलतभावाकडून काढून बाहेरच्या माणसाकडे द्या, पगारी. चुलतभाऊ प्रामाणिक असेल तर त्यालाही बरेच वाटेल.

इचलकरंजीचा_ताणा

आमच्याकडनं सुताचं वेस्ट तुमच्या शिरोलीला हात पुसायला येतं, तेवढीच ओळख :) बाहेरचा हिशेबनीस याला जोरात +१. आमच्या सायझिंगमध्ये (सुताला खळ लावायचं काम) सामाईक बॉयलरचा प्रयोग फक्त एवढ्याचसाठी मोडला. हिशेब बरोबर होता. पण तो ज्याच्या घरात होता त्याच्या घरी नवीन गाडी आली.

बिडाचा_माणूस

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. सोमवारी सुट्टीला आठहीजणांना भट्टीवर बोलावलंय. माझ्या ऑफिसात नाही. वहिनींचं वाचून दाखवणार आहे.

शंकेखोर

मीटिंगला चहाचे कप कागदी ठेवा. फिनॉल्फथॅलीनचे वेगळे.

*(तीन आठवड्यांनंतर)*

बिडाचा_माणूस

धागा वर काढतोय, सांगायचं होतं म्हणून.

मीटिंगला सहाजण आले. तासभर नुसती उणीदुणी. मग मेटलर्जी सरांच्या सांगण्याप्रमाणं सगळ्यांची स्वच्छ वाळू मागवली, आठ कप टेबलावर मांडले, चिठ्ठ्या लावल्या. दोनजण आले नव्हते, त्यांची वाळू त्यांच्या ड्रायव्हरनं आणली. हे बघायला मात्र सगळ्यांचे कामगार जमले. दोन कप थोडे गुलाबी झाले, ते काळ्या वाळूमुळं, ते लिहून ठेवलं.

त्यानंतर गेटवर रोज कप सुरू केला. शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून बाटली आणली. चौथ्या दिवशी सकाळी एक ट्रॉली आली, कप असा गर्द गुलाबी झाला की पोऱ्या ओरडलाच. ट्रॉली आमचीच.

चुलतभावानं रात्रपाळीत एका गिऱ्हाइकाचे थोडे सीओटूचे कोअर जॉबवर घेतले होते. मला माहीत नव्हतं. कोअर फुटले, झाडूवाल्यानं सगळं एका बिनात ढकललं. सर, तुम्ही झाडू म्हणाला होता तेव्हाच मी दुसऱ्यांची बिनं बघायला निघालो होतो.

ट्रॉली परत घेतली. ग्रुपवर फोटोसकट टाकलं, आधीच्या तीन घाण्यांचा गॅस आमच्या खात्यावर घाला म्हणून. एकाचं उत्तर आलं, "एकाचाच घाला, बाकीचे दोन बहुतेक माझे असतील. आमच्याकडं पण झाडू एकच आहे." आता बाकीचे पण आपापली बिनं बघायला लागलेत.

हिशेब शाहूपुरीतल्या एका निवृत्त बँकेच्या क्लार्ककाकांना दिलाय. बिल दहा दिवसांनी जमणार नाही, पंधरा दिवसांनी ठेवलंय. ठरलेला खर्च समान वाटायला सातजण तयार. आठवा म्हणजे तो फुकट वाळू देणारा. तो अजून विचार करतोय. त्याला नोटिशीची गोष्ट सांगितली, त्याला फार लागली नाही. वाळूची मालकी गेटातून बाहेर पडली की भट्टीची, असं लिहिलंय, सही अजून व्हायचीय.

सचिव_वहिनी

पंधरा दिवस चालतील. पण तारीख चुकवू नका, पहिलं बिल तर अजिबात नको. आणि ट्रॉली परत घेतलीत ते पोऱ्यांनी बघितलं ना, तेच बरं झालं.

वैतागलेली_रहिवासी

आठव्यांचा विचार होईपर्यंत त्यांची वाळू कुठं जातेय?

बिडाचा_माणूस

ताई, खरं सांगायचं तर तिकडंच. गुरुवारी परत बसतोय त्याच्याबरोबर. तुम्ही येऊ शकाल का? कपड्यांवरचं बोट त्याला दाखवायला.

वैतागलेली_रहिवासी

येते. टॉवेल घेऊन येते, न धुतलेला.

तांबडा_पांढरा

गुरुवारी मी पण मोकळा आहे. वाळूतलं काही कळत नाही पण मिसळ कुठली आणायची ते कळतं.

निवृत्त_मेटलर्जी

फिनॉल्फथॅलीनची बाटली उन्हात ठेवू नका आणि झाकण घट्ट लावत जा. स्पिरिट उडून जातं आणि मग लोक म्हणतात रंग येत नाही. तुमच्या काळ्या वाळूच्या दोन कपांना किती वेळाने गुलाबी आलं ते बघितलं होतंत का? लगेच आलं असेल तर मला त्या वाळूचं बेंटोनाईट कुठल्या कंपनीचं आहे ते कळवा.